आधी फादरना फोन

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, लुद्विका पिरेक, वय एक्याऐंशी, राहणार स्तारी सांच, पोलंड, पूर्वीची शिवणकाम करणारी, पूर्ण शुद्धीत आणि बऱ्यापैकी संतापलेल्या अवस्थेत, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवते की :

एक. शिलाई मशीन शेजारीण हालिनाला. ती चर्चमधली रविवारची मिस्सा-प्रार्थना मोबाइलवर ऐकते, बटाटे सोलत. तिचे पाय फक्त चर्चच्या वाटेवर दुखतात, बाजारात नाही. तरी मशीनला वेळच्या वेळी तेल तीच घालेल.

दोन. सून दोरोता हिला चिनी मातीची भांडी. मेणबत्ती मात्र नाही. दोन फेब्रुवारीला चर्चमधून आशीर्वादित करून आणलेली मेणबत्ती मरणाऱ्याच्या हातात द्यायची असते. हिने ती आंघोळीच्या टबाच्या काठावर लावली. वर म्हणते, "अहो आई, वास काय छान येत होता!" मी नवी आणली आहे. ती माझ्या उशाशी आहे आणि तिथेच राहील.

तीन. घर. माझे पती विटोल्ड नऊ वर्षांपूर्वी याच घरात वारले. मी पाय मोडून इस्पितळात होते. तिथून मुलाला, लेशेकला, रोज फोन करून सांगत होते, फादरना बोलाव. तो म्हणायचा, "अगं आई, फादर दारात दिसले की बाबा धसका घेतील." चौथ्या दिवशी विटोल्ड गेले, पापनिवेदनाशिवाय, फादरांच्या हातचं पवित्र तेल कपाळाला न लागता. जन्मभर एक मिस्सा न चुकवलेल्या माणसाला फादर भेटले ते थेट दफनाला. लेशेकला मी माफ केलं आहे. दर महिन्याला पापनिवेदनात करते आणि दोन दिवसांत पुन्हा चिडते.

म्हणून मी लिहिलं होतं की माझ्यासाठी फादरना वेळेत बोलावेल त्यालाच घर. वकील हसले. "आजी, मृत्युपत्र उघडतात ते तुम्ही गेल्यावर. मग फादर येऊन काय करणार?" एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. घरी येऊन लेशेकला फोन केला.

"आई, तू ठणठणीत आहेस. कशाला अभद्र बोलतेस? तेव्हाचं तेव्हा बघू."

बापाच्या वेळीही तेव्हाचं तेव्हाच बघितलं होतं.

सबब घर लेशेकलाच, विनाअट. मुलगा वाईट नाही, भित्रा आहे. मरणाचा विषय निघाला की उठून जातो. हल्ली सगळेच जातात. मला मरणाची भीती नाही, फादरशिवाय मरण्याची आहे.

चार. हे मृत्युपत्र लखोट्यात ठेवू नये. एक प्रत वकिलांकडे आहे, ही फ्रिजच्या दारावर लावली आहे. वर लाल शाईत फादर तिमोतेउश यांचा नंबर आहे. लेशेक, तू इथे उभा राहून हे वाचत असशील आणि आत माझा श्वास चालू असेल, तर वाचणं थांबव. फोन लाव. मी घाबरणार नाही, बाळा. मी त्यांचीच वाट बघत असेन.

सही : लुद्विका पिरेक
आमच्यासमोर सही केली : येजी वोयतास, चर्चमधील ऑर्गनवादक, तेरेसा गोंसियोर, निवृत्त परिचारिका
स्तारी सांच, ३ फेब्रुवारी २०२३