खुर्चीवरचा डाग नेमका कोणाचा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा चामड्याच्या जुन्या वस्तूंची दुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय, राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणेघेणे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. यापूर्वी रागाच्या भरात लिहिलेली तीन मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा व मुलगी यांना निम्मी निम्मी. घरात मधोमध भिंत घालू नये. स्वयंपाकघर एकच आहे आणि चहा दोघांनाही लागतो.

२. आऱ्या, चामडे कापायची रापी, लाकडी हातोडी ही हत्यारे मुलीला. जुन्या चामड्याला हात लावण्याआधी ती दोन दिवस नुसती बघत बसते. मुलाने माझ्या दुकानासमोरच सफाईचे दुकान काढले आणि वर पाटी लावली, ‘अगदी नव्यासारखं’. मी ज्याला जुनेपणाची झळाळी म्हणतो, त्याला तो मळ म्हणतो. त्याला माझा कमरेचा पट्टा द्यावा. त्याने तो साफ करू नये. करणारच, मला ठाऊक आहे.

३. आता खुर्ची. ती माझ्या मालकीची नाही, तरी लिहिणे भाग आहे.

वाचनालयाच्या संस्थापकांची चामडी खुर्ची तीस वर्षांपूर्वी शिवण उसवली म्हणून माझ्याकडे आली. तेव्हाच्या सचिवांनी बजावले, “पाठीवरचा डाग साक्षात संस्थापकांच्या डोक्याचा आहे. त्याला धक्का लागला तर खबरदार!” मी कसला धक्का लावतो! जेवून परत आलो, तर डाग गायब. बावीस वर्षांचे चिरंजीव हात पुसत उभे. म्हणाले, “नाना, साबणाने घासून काढली. केवढा मळ निघाला, बघा तरी!” संस्थापक बादलीत गेले होते. मी त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढले. तो वर्षभर मामाकडे राहिला.

माझी बोबडी वळली होती. ही, म्हणजे माझी बायको, मात्र शांत. म्हणाली, “डोक्याचाच डाग हवा ना? मग डोकं काय आपल्याकडे नाही?” शिवण फार अवघड आहे अशी थाप मारून मी आठ महिने मागून घेतले. ते आठ महिने ती रोज दुपारी केसांना तेल लावून त्या खुर्चीत पाठ टेकून बसली. भाजी निवडायची, मला टोमणे मारायची. एकदा म्हणाली, “लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी मला म्हणतंय, उठू नकोस.” मला त्या दिवशी लाज वाटली, ती अजून जात नाही.

खुर्ची परत गेली. तज्ज्ञांनी भिंग लावून डाग पाहिला आणि त्यात संस्थापकांच्या अखंड चिंतनाची खोली दिसते, असे लेखी दिले. ही हसून हसून लोळली. तिला जाऊन आता अकरा वर्षे झाली. मी दर गुरुवारी वर्तमानपत्राचे निमित्त करून वाचनालयात त्या खुर्चीसमोर बसतो. तिची फार आठवण येते.

गेल्या महिन्यात नव्या सचिवांनी ठरवले, शताब्दीला खुर्ची चकचकीत हवी. काम कोणाला दिले? माझ्या मुलाला. डाग परत कसा आला, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते. म्हणून या कलमाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले, ‘बाबा रे, तो तुझ्या आईच्या डोक्याचा डाग आहे, पुसू नकोस.’ वकीलबाईंनी वाचले आणि चष्मा काढला. “काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. सफाई सोमवारी आहे. तुमचा विचार तरी काय आहे?”

नाइलाजाने जिवंतपणीच सांगावे लागले. रस्ता ओलांडून पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेलो. सगळे ऐकून तो कितीतरी वेळ हातातला स्पंज पिळत राहिला. मग म्हणाला, “नाना, मला का नाही बोलावलंत तेव्हा? मीपण बसलो असतो की.”

त्याने सचिवांना लिहून दिले की डाग अस्सल आहे, पुसल्यास चामडे फुटेल. पुढची ओळ कोणीही न सांगता लिहीत आहे: कलम २ मधल्या हत्यारांतली निम्मी त्याला.

सचिव एकदम भक्तीला लागले. खुर्चीभोवती काचेची पेटी करायला टाकली. काल मी गेलो आणि म्हटले, पेटी बसण्याआधी एकदाच, पाच मिनिटे, मला त्या खुर्चीत डोके टेकून बसू द्या. ते म्हणाले, “काहीतरीच काय काका! तुमच्या डोक्याचं तेल लागलं तर संस्थापकांचा डाग बिघडेल!”

४. सबब, खुर्चीची खरी हकीकत वाचनालयाला कधीही कळवू नये. त्यांनी तिला संस्थापक समजूनच जपावे. काच पुसण्याचे काम मुलाने मागून घ्यावे आणि दर गुरुवारी जावे. बाहेरून हवी तितकी घासावी. आतून हात लावू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही केली.

सही: दुकानदार, चामडे दुरुस्ती

साक्षीदार १: शेजारचे घड्याळ दुरुस्तीवाले
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई

स्थळ: दुकानामागची खोली
तारीख: १७ नोव्हेंबर, रविवार