विहिरीची खोली

वारजे, १० फेब्रुवारी २०२६

प्रिय अक्षता,
सप्रेम जयभीम. वि. वि.

१. रविवारी दुपारी माझ्याकडे फाशांचा खेळ होता. गोष्ट मी चालवते. तुम्हा तिघांचं प्रत्येकी एक पात्र.
२. ऑफिसातल्या आमोदचा एल्फ, आपल्या प्रज्ञेशचा ड्वार्फ, तुझी चंद्रभागा. ती माणूस.
३. भुयारात मशाल विझली. एल्फ आणि ड्वार्फ या खेळातल्या काल्पनिक जाती, त्यांना जन्मतः अंधारात दिसतं. माणसाला नाही.
४. चंद्रभागा विहिरीत पडली. मेली, असं मी सांगितलं.
५. तू माझ्या आईने भरलेला डबा न घेता घरी गेलीस.

घरातलं भांडण कागदावर करायचं हा राकेशमामाचा नियम, म्हणून पत्र. माणसाला मी कमी दिलेलं नाही. एल्फला डोळे, तर माणसाला प्रत्येक गुणात एक अंक जास्त. कॉम्प्युटरवर एकास एक अशा हजार लढती लावून पाहिल्या. माणूस चारशे एक्क्याण्णव जिंकला. मग तू का चिडलीस? मला खरंच कळलेलं नाही.

मावशीला जयभीम सांग. लोभ आहे असं धरून चालते.

दीक्षा


बिबवेवाडी, १३ फेब्रुवारी

ती. दीक्षाताईस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मामाला दाखवलं. मुद्देसूद आहे, फक्त जावक क्रमांक राहिला, म्हणाला. डब्यात मावशीची थालीपिठं होती, तो राग वेगळा.

तुझ्या लढती एकास एक. अगं, भुयारात आम्ही तिघं होतो! आमोदला विहीर दिसत होती. तो बोलला नाही, कारण त्याची पाळी नव्हती. आणि तूही त्याला विचारलं नाहीस.

चंद्रभागा हे आजीचं नाव. माणूस मी मुद्दाम घेतला. जन्मानं काहीच न मिळालेली बाई शिकून कुठवर जाते, ते मला बघायचं होतं. सात महिने ती त्या दोघांबरोबर हिंडली, पण अंधारात कसं चालायचं ते तिला शिकता येईना, कारण तुझ्या नियमांत शिकणंच नाही. तसंच राहणार असेल, तर रविवारी माझी वाट बघू नका.

राग तुझ्यावर नाही. म्हणजे, थोडा आहे. माया त्याहून जास्त आहे, ती तुझ्याकडूनही असू दे.

तुझी,
अक्षता


वारजे, १६ फेब्रुवारी

प्रिय अक्षता,
सप्रेम जयभीम.

थालीपिठं प्रज्ञेशने संपवली.

तिघांना एकत्र, अंधारात घालून पुन्हा हजार वेळा चालवलं. सहाशे बारा वेळा माणूस आधी मेला. मी चुकीची गोष्ट मोजत होते. नवा नियम: माणूस दर मोहिमेत सोबत्याकडून एक गोष्ट शिकेल, आणि पुढे दुसऱ्याला शिकवू शकेल. याने माणूस फार वरचढ होईल का, ते माहीत नाही. हे कॉम्प्युटरवर कळणार नाही. खेळूनच बघावं लागेल, आणि मला बघायचं आहे.

मग भुयाराचा जुना नकाशा काढून पाहिला. विहिरीची खोली मी कुठेच लिहिलेली नाही. म्हणजे मृत्यू नियमाने झाला नव्हता, तो माझा अंदाज होता. ती पडली, एवढंच नोंदलेलं आहे.

आमोदला या वेळी विचारलं. दोर त्याच्याजवळ आहे, आणि तो काठावर थांबायला तयार आहे. खोली मी अजून लिहिलेली नाही.

तिने खालून हाक मारली का, हे तुलाच ठरवायचं आहे. शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत लेखी कळव.

दीक्षा