यिक्के एक्केचाळीसचा मुलगा

४ मार्च, मंगळवार
आमची गाय यिक्के ४१ व्याली. गोऱ्हा. नऊ महिने याचीच वाट पाहत होते. वळू मी स्वतः निवडला होता, तीन संध्याकाळ आकडे ताडून: दूध, खूर, कास, स्वभाव. मी चेहरे बघत नाही. आकडे बघते.

प्रत्यक्ष व्याली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दहाची कॉफी, शेजारची रेन्स्के आलेली. पहिल्या कपावर उठणं म्हणजे पाहुणीला हाकलणं, आणि दुसऱ्याला ती नको म्हणाली नाही. गोठ्यात पोचले तर यिक्के गोऱ्ह्याला चाटून कोरडा करत होती. त्याच कप्प्यात डुव्के ९ सुद्धा व्यालेली. तिचाही गोऱ्हाच, कोपऱ्यात ओला पडलेला. डुव्केला आईपण कधी कळलंच नाही. दोन्ही नोंदी लगेच केल्या.

ओनेने विचारलं, तू तिला व्यायताना पाहिलंस का. म्हटलं, चाटते ती आई. नवऱ्याला एवढं शास्त्र पुरे.

५ मार्च
कानात बिल्ला मारला की कातडीचा कण नळीत पडतो. नळी प्रयोगशाळेत गेली, एकच. डुव्केच्या पोराचे गुण कळायला प्रयोगशाळा कशाला, तिची एक लाथ खाल्ली की पुरे.

तीन आठवड्यांत रिपोर्ट. गुण वर आले तर वळू-केंद्र त्याला नेईल आणि त्याच्या लेकी चार देशांच्या गोठ्यांत दूध देतील. नाही आले तर बाकीच्या गोऱ्ह्यांसारखा गुरुवारच्या ट्रकने. मांसासाठी.

रेन्स्केचा गोऱ्हा गेल्या वर्षी निवडला गेला. त्याचा फोटो तिच्या दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोच्या वर आहे. मला तसला सोस नाही. भिंतीचं माप घेतलं, इतकंच.

निश्चय: रिपोर्ट येईपर्यंत नाव ठेवायचं नाही. जीव लावायचा नाही.

७ मार्च
नाव रेदबाद. आमच्या जुन्या फ्रिसियन राजाचं. बिल्ल्यावरचे नऊ आकडे दर वेळी म्हणत बसणं वेळखाऊ आहे म्हणून.

१२ मार्च, सकाळी
ईमेल अकरा वेळा पाहिला. एवढ्यात रिपोर्ट येणारच नाही हे मला माहीत आहे. पाहायची सवय राहावी म्हणून पाहिला.

रेदबादने बादली उलथली. पुन्हा उलथली. ठाम स्वभाव. ओने म्हणाला, हुबेहूब डुव्के. ओने माणूस चांगला आहे, पण त्याला वंशावळीतलं कळत नाही.

२० मार्च, गुरुवार
ट्रक आला. डुव्केचा गोऱ्हा गेला. ट्रकवाला तेउनिस त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, काय सरळ पाठ आहे, काय चाल आहे, नक्की द्यायचाय ना? मी त्याला समजावलं की दिसण्यावर जायचे दिवस संपले. आता रक्तात काय लिहिलंय ते वाचतात. गोऱ्हा आपणहून फळीवरून चढून गेला. शहाणा होता, हे मान्य करते.

रेदबादला थांबवला. रिपोर्टसाठी.

त्याला माझी बाही चोखायची सवय लागली आहे. ती मोडायला हवी. उद्यापासून.

२६ मार्च
रिपोर्ट आला. प्रयोगशाळेचा गोंधळ. लिहिलंय: नमूद केलेली आई जुळत नाही. गुण दिलेच नाहीत. मी लांबलचक ईमेल लिहिला. यिक्केने त्याला माझ्यासमोर चाटलंय, हे ठळक अक्षरांत. नवा नमुना पाठवला, आणि त्यांच्याच हट्टामुळे त्या दिवशी व्यालेल्या दुसऱ्या गाईचे केसही.

चाल अस्वस्थ. माझी. गोठा ते घर, घर ते गोठा.

२७ मार्च, गुरुवार
तेउनिसला म्हटलं, याला खोकला आहे, पुढच्या वेळी. खोकला होता. एकदा.

३ एप्रिल, गुरुवार
पुन्हा खोकला. तेउनिस म्हणाला, मला तर ऐकू आला नाही. म्हटलं, तो पाहुण्यांसमोर खोकत नाही.

८ एप्रिल
आई: डुव्के ९. गुण: शंभरांत चौथा, खालून.

रेन्स्के नेमकी कॉफीला बसलेली. रिपोर्ट तिने माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि हसत सुटली.

"अगं, व्यायला टेकलेली गाय दुसरीचं पोर पळवते. माझ्या आजीलासुद्धा ठाऊक होतं."

मी म्हटलं, यिक्के तसली नाही.

"यिक्के तसलीच आहे. थोरली आहे ना गोठ्यातली, तिला कोण अडवणार? डुव्केचं चाटत बसली आणि स्वतःचं कोपऱ्यात टाकलं. तू कुठे होतीस तेव्हा?"

मी तिला तिसरा कप दिला. ती हसायची थांबली. मला वाटतं त्याच वेळी तिलाही आठवलं, आम्ही दोघी कुठे होतो ते.

ती गेल्यावर ओने एवढंच म्हणाला, "म्हणजे गेला तो यिक्केचा."

९ एप्रिल, दुपार
वळू-केंद्रातून फोन. बाई फार गोड बोलल्या. यिक्के ४१ आणि त्या वळूचा गोऱ्हा असेल तर आम्हाला अजूनही बघायला आवडेल, म्हणाल्या. कसा आहे?

मी म्हटलं, पाठ सरळ आहे. चाल चांगली. शहाणा आहे.

कधी येऊ, त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला. नंतर खूप वेळ हात धुतले, स्वच्छ होते तरी.

१० एप्रिल, गुरुवार
सकाळी तेउनिसला फोन करून सांगितलं, आमच्याकडे थांबू नकोस. आज काही नाही.

ओने दारात उभा होता. म्हणाला, "खोकला?"

"नाही."

"मग त्याचं करायचं काय? वळू नाही, दूध नाही. नुसता खाणार आणि लाथा मारणार."

मी शब्द जुळवू पाहिले. गवत आखूड ठेवायला, निरीक्षणाला, तुलनेला. एकही पुरा झाला नाही.

म्हटलं, मला तो हवाय.

तो बूट घालून गोठ्यात गेला. आता तिकडून हातोड्याचा आवाज येतोय. मोठा कप्पा करतो आहे, बहुतेक. बाहेर जाऊन बघायचा धीर होत नाहीये.