सुरमईचा बर्फ

रत्नागिरी,
नोव्हेंबर २००६

प्रिय भाई,

शेजारचा अरीब शुक्रवारी दोह्याला निघालाय. मरियम खालांनी त्याच्याकडे तुझ्यासाठी सोडे, कोकमं आणि फणसपोळी बांधून दिली आहे, त्यातच हे पत्र घालते. फोनवर तू सगळं थट्टेवारी नेतोस आणि स्पीकर लावून खोलीतल्या मित्रांनाही ऐकवतोस. हे मात्र एकट्यानं वाच.

ईदला घर भरलेलं होतं, म्हणून मी पडवीत खुर्ची मांडून सगळ्यांचं रक्त काढलं. मला प्रयोगशाळेतल्या माझ्या नव्या तपासणीसाठी धडधाकट माणसं हवी होती, आणि आपल्या घरातल्या बिर्याणी रिचवणाऱ्यांइतकी धडधाकट माणसं मला पुण्यात कुठून मिळणार? तू समुद्रात टगबोट हाकतोस, पण सुई दिसताच मान फिरवलीस. मी काय करते ते तेव्हा सांगत होते, तुझं लक्ष नव्हतं. डीएनएचा एक बारीक धागा आम्ही मिटलेल्या छत्रीसारखा घडी घालून ठेवतो. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन भेटलं की धागा त्याला कवटाळतो, टोकं लांब जातात आणि नळी हिरवी उजळते. धडधाकट माणसाची नळी काळोखीच राहायला हवी. अम्माचे डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे आपल्याला आजार कळला, आणि तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. मी ह्या कामाला का चिकटले ते तुला माहीत आहे.

पुढची फजिती तू गावभर सांगितलीसच. रक्ताच्या नळ्या आपल्या अयूबच्या मासळीच्या ट्रकनं पुण्याला पाठवल्या. हातखंब्याला टायर फुटला, माझ्या डब्यातला बर्फ वितळला, आणि अयूबनं जिवापाड काळजी घेत सुरमईच्या खोक्यातला बर्फ नळ्यांवर ओतला. मासळीचं पाणी झाकणांतून आत गेलं. त्या पाण्यानं धागे कापले जातात, आणि कापलेला धागाही उजळतोच. सगळ्या नळ्या हिरव्यागार. तू पोट धरून हसलास. "काय गो, तुझा दिवा तर सुरमईलापण पेटतो," म्हणालास. मलाही हसू आलं, पण राग जास्त आला. आपल्या माणसांचा माझ्या कामावरचा विश्वास त्या बर्फाबरोबर वितळताना दिसत होता.

म्हणून तू निघायच्या आधी मी सगळ्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. कुरकुरत का होईना, तूही बसलास. ह्या वेळी डबा मांडीवर घेऊन मी स्वतः एसटीनं पुण्याला गेले. भाई, दिवा चोख चालतो. खालांची नळी काळोखी राहिली, अयूबची राहिली, माझीही राहिली. प्रयोगशाळेतले माझे सर आता आणखी गावांतून नमुने आणायला सांगताहेत. मला माझ्या कामाबद्दल इतकी खात्री कधीच नव्हती.

एकच नळी उजळली, आणि ती तुझी आहे. मी ती पुन्हा पुन्हा करून पाहिली. मग तुझं उरलेलं रक्त इस्पितळात नेहमीच्या तपासणीला दिलं, तिथंही ते प्रथिन वाढलेलंच निघालं. म्हणजे कॅन्सर आहेच असं नाही. पोटाचा स्कॅन केल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, आणि तो लगेच करायला हवा. मुंबईच्या डॉक्टरांशी मी बोलले. गाठ असलीच तर ह्या टप्प्यावर ती बहुधा लहान असेल, आणि लहान गाठ काढता येते. अम्माच्या वेळी आपण उशिरा पोचलो होतो, ह्या वेळी लवकर पोचतोय. हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही, कारण घाबरलास तरच तू लवकर निघशील. रजा नाही मिळाली तर नोकरी सोड, आणि ये. मी मुंबईच्या विमानतळावर उभी असेन.

तुझीच,
महरीन