तेर्यो यंदा मरणार नाही

१ जानेवारी १९८७
डोकं ठणकतंय. रात्रभर फटाके. गावात एकालाही झोप नको होती.

वही नातीची, अर्धी कोरी. तिसरीपर्यंत शिकले ते वाया का घालवा, म्हणून आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज. कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खोटं लिहायचं कारणच नाही.

यंदाचे संकल्प. तेर्योच्या सिनेमात तोंड घालायचं नाही. पोरगा चाळिशीला आला, दोन लेकरांचा बाप आहे, त्याचं तो बघेल. आणि इपांगशी बोलणं बंद. आणखी एक होता, तो विसरले, म्हणजे महत्त्वाचा नसणार.

११ जानेवारी
मध्ये लिहिलं नाही. कामं होती.

तेर्यो मनिलाहून आला. सिनेमात त्याचं नाव रोक्को त्रुएनो. पोस्टरवर असतं, खाली, छापखान्याच्या नावाच्या जरा वर. कायम गुंडांच्या टोळीत, आणि निम्मा सिनेमा व्हायच्या आत मरतो. मागे बोटीवर मेला, त्याआधी चर्चच्या घंटेखाली. या खेपेला साखरेच्या गोदामात मेला. तिसऱ्या मजल्यावरून पोत्यांवर.

मयताला गेलेला माणूस तिथून थेट घरी येत नाही. वाटेत कुठेतरी टेकतो, म्हणजे मरण मागे लागलं असेल तर तिथेच राहतं. हा नियम काही मी काढला नाही. पण जो स्वतःच मरून आलाय त्याने टेकायचं की नाही? पाद्रीबाबांना विचारलं. ते हसले. हसले म्हणजे हो. म्हणून तेर्यो मरून आला की आधी वळणावरच्या इपांगच्या दुकानात थांबतो. तिथे आळी जमते, म्हणते, दाखव बघू कसा मेलास. मग हा तिच्या पायरीवरून पडून दाखवतो. इपांगची बियर संपते. दुकान तिचं, मरण आमचं.

१२ जानेवारी
सकाळीच इपांग दारात. डोक्याला काळा रुमाल, हातात टोपली. म्हणाली, "दोरांग, कानावर आलं गं. गेला बिचारा! किती गुणाचा होता! मयताच्या घरी रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून ही डझनभर अंडी." दरवेळी तेर्यो मेला की हा तमाशा. आणि मयत मागे ओट्यावर बसून पाव खात होतं, तेही खदाखदा हसलं.

इपांगशी बोलले नाही. अंडी घेतली. घेणं म्हणजे बोलणं नव्हे.

३ फेब्रुवारी
बातमी. मनिलाचे डायरेक्टर मौरो यांचा सिनेमा आमच्याच गावात होणार, जुन्या भाताच्या गिरणीत. तेर्यो म्होरक्याचा उजवा हात. पुन्हा मरणार.

विचार केला. सगळ्या गावासमोर, स्वतःच्या गावच्या गिरणीवर, स्वतःच्या आईच्या नाकासमोर मरणार? उजवा हात मेला की कुणाच्या लक्षात राहतो? जो शेवटपर्यंत जगतो त्याचंच पोस्टर मोठं. माझ्या पोराला हीरो व्हायचंय, फक्त त्याने तसं कधी बोलून दाखवलेलं नाही. आईला न बोलता कळतं.

तोंड घालायचं नाही. पण सिनेमावाल्या लोकांना जेवायला लागतं. ते काम मी घेतलं.

९ फेब्रुवारी
तेर्यो रोज गिरणीवर चढतो. नवीन पडणं बसवतोय. छपरावरून पाठमोरा, मधल्या कापडी मांडवातून आरपार, खाली कालव्यात. आजवर कुणी केलेलं नाही म्हणे. सून लुनिंग भात निवडत म्हणाली, "आई, तुम्ही यात पडू नका. त्यांना मरताच येतं आणि ते छान येतं." हिचं माहेर मासेवाल्यांचं. हिला कला काय कळणार?

१४ फेब्रुवारी
डायरेक्टरसाहेबांना पान्सित केलं, लांबच लांब शेवयांचं. वाढदिवसाला करतात ते. शेवया जेवढ्या लांब तेवढं आयुष्य लांब. मनात म्हटलं, या माणसाच्या पोटात माझ्या पोराचं आयुष्य जाऊ दे.

मेल्याने चमच्याने कचाकचा तुकडे केले! ताट ओढून घेतलं. दुसरं वाढलं आणि समोर उभी राहिले, ओढून खा म्हटलं. त्याने ओढून खाल्ल्या, हनुवटीला रस्सा. मग विषय काढला. म्हटलं, साहेब, तेर्यो लेकराबाळांचा आहे, एखादा बिनलग्नाचा मारा. तो हसून म्हणाला, "काकू, हीरो कुणीही होतो, त्याला नुसता चेहरा लागतो. मरायला हाडं लागतात. मी एक गोळी झाडतो आणि तुमचा तेर्यो चार मजले पडतो. असा माणूस मला कुठे मिळणार?"

म्हणजे माझ्या पोराला चेहरा नाही! हा अपमान मी विसरणार नाही. शेवया उरल्या त्या आम्ही खाल्ल्या.

१६ फेब्रुवारी
आज दुपारी जेवण दिलं नाही. मटणाचा अडोबो पातेल्यात, पातेल्यावर झाकण, झाकणावर मी. कॅमेरावाले, दिवेवाले, पोलिसांच्या वेषातले आणि गुंडांच्या वेषातले सगळे रांगेत उभे. व्हिनेगर-लसणाचा वास गिरणीभर. म्हटलं, तेर्यो जगेल तर झाकण उघडेल.

हीरो पहिला फुटला. म्हणाला, "साहेब, जगू द्या की हो त्याला, माझं काय जातंय!" डायरेक्टरने डोक्याला हात लावला. "बरं काकू, जगवतो. पोलीस धरून नेतील. आता वाढा."

हे तोंड घालणं नव्हे. मी फक्त झाकणावर बसले होते.

तेर्योला सांगितलं. आनंदाने त्याची बोलतीच बंद झाली. जेवलाही नाही. उठून गिरणीकडे गेला आणि नुसता छपराकडे बघत बसला. देवाचे आभार मानत असणार.

१८ फेब्रुवारी
छपरावरून कुणीतरी पडायलाच हवं होतं. मांडव बांधून झालेला, कॅमेरे लावलेले. इपांगचा पुतण्या बोयेत बर्फाच्या गाडीवर असतो, तो म्हणाला मी पडतो. तेर्योनेच त्याला शिकवलं. मान कशी आत घ्यायची, हात कधी सोडायचे. मन मोठं आहे पोराचं, माझ्यावर गेलाय.

बोयेत पडला आणि मेला. सिनेमात. मीही काळा रुमाल बांधला, टोपली घेतली आणि इपांगकडे गेले. म्हटलं, "इपांग, गेला गं बिचारा." तीच अंडी होती, तिचीच टोपली. वर्षानुवर्षं वाट पाहिली होती मी या दिवसाची. इपांग मात्र चिडली नाही. पाणी आलं तिच्या डोळ्यांत. म्हणाली, "बघितलंस ना, दोरांग? कसा पडला!"

२ मार्च
लिहायला वेळ नाही. गावाला सांगत फिरतेय की सान इसिद्रोच्या जत्रेत सिनेमा लागणार आणि त्यात तेर्यो शेवटपर्यंत आहे. शेवटपर्यंत! कसायाला दोनदा सांगितलं, तो जरा बहिरा आहे.

१५ मे
जत्रा. सगळ्या घरांवर भाताच्या लोंब्या टांगलेल्या. थिएटरात पाय ठेवायला जागा नाही. मी फुलांचा झगा घातला, मधल्या रांगेत मधोमध बसले.

बोयेत पडला तेव्हा लोक उभे राहिले. शिट्ट्या, टोप्या हवेत. मशीनवाल्याने रीळ मागे घेऊन पुन्हा दाखवलं, पुन्हा पडला. कसाई मला ढोसून म्हणाला, हा तुमचा ना? मी बहिरी झाले.

तेर्यो शेवटी आला. हातात बेड्या. पोलिसाने मान खाली दाबून जीपमध्ये घातला. जीप चालू होईना, खरोखरच, तर चौघांनी ढकलली. तेवढं एक दृश्य बाकी खूप लांब होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मारा ना त्याला! एवढं तिकीट काढून आलोय!" मी उभी राहून म्हटलं, तुझ्या बापाला मारा! लोक खूप हसले. त्या भागात तेवढंच हसले.

मरण नाही, म्हणून वाटेत टेकायची गरज नाही. तेर्यो थेट घरी आला. हेच तर हवं होतं मला. आला आणि कोंबड्यांना दाणे घातले. तिकडे वळणावर इपांगच्या पायरीवरून बोयेत पडून दाखवत होता, ओरडा इथपर्यंत येत होता.

२० जून
मनिलाहून बोलावणं नाही. सिनेमाचा धंदा मंदीत असणार.

बोयेतला दोन सिनेमे मिळालेत. त्याचं नाव आता बोयेत नाही, काहीतरी इंग्रजी आहे. कानामागून आला आणि तिखट झाला.

११ जुलै
पावसाने छप्पर गळतंय. तेर्यो वर चढला, पत्रे ठोकले. मी खाली उभी राहिले. म्हटलं, आता पडेल, निदान सवयीने. तो शिडीने उतरला. एक एक पायरी, शिडी धरून. माझा पोरगा! शिडीने!

लुनिंग मला म्हणाली, "बघा, जगतायत." सुनेच्या जिभेला हाड नाही. मी उत्तर देणार होते, पण तेवढ्यात भात करपला.

इपांग जानेवारीनंतर एकदाही आमच्या दारात आलेली नाही. बरं झालं. संकल्प आपोआप पाळला जातोय.

६ ऑगस्ट
सहज मनिलाला जाऊन आले. दात दाखवायला. बसमध्ये लुनिंगच्या मावशीने विचारलं, कुठले दात? लोकांना नको त्या चौकशा.

वाटेत डायरेक्टर मौरोंचं ऑफिस लागलं. अगदी वाटेत नाही, दोन जीपगाड्या बदलाव्या लागतात. हातात पान्सितचा डबा होता योगायोगाने. म्हटलं, साहेब, तेर्योला मारा. तो म्हणाला, "काकू, जगवा म्हणून पातेल्यावर कोण बसलं होतं?" म्हटलं, ते झालं गेलं. आता कसाही मारा, गोळीने, सुरीने, बुडवून. तो म्हणाला, "पडायला आता माझ्याकडे बोयेत आहे." मी शेवयांचा डबा उघडून समोर ठेवला आणि म्हटलं, "तोडा. हवे तेवढे तुकडे करा."

त्याने डबा बाजूला सरकवला. चमचा नाही लावला शेवयांना. मग म्हणाला एक जागा आहे. पहिल्याच दृश्यात. रस्त्यात पडलेलं प्रेत, वर वर्तमानपत्र टाकलेलं.

म्हणजे सिनेमाची सुरुवातच माझ्या पोराने. हीरोसुद्धा त्याच्यानंतर येतो!

७ ऑगस्ट
तेर्योला म्हटलं, मौरोंचा निरोप आलाय, त्यांना तूच हवास. त्याने विचारलं, पडायचं कुठून? म्हटलं, या खेपेला अभिनय आहे. तो मान खाली घालून चपला शोधायला लागला. पायातच होत्या.

मोजे धुऊन दिले. अंगठ्यापाशी भोक होतं, रफू केलं. पांढरा दोरा संपला होता, लाल वापरला. चपला घालून मरणारा माणूस हलका वाटतो, म्हणून मोजे.

३१ ऑक्टोबर
उद्या कबरी साफ करायच्या, मेणबत्त्या लावायच्या. तरी सिनेमाला गेलो, सगळे. तिकीटवालीला म्हटलं, रोक्को त्रुएनोची आई आहे मी. ती म्हणाली, "अय्या, ते वारले ना?" मला पटकन काही सुचलं नाही. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं, म्हणून लिहून ठेवतेय.

रस्ता, पाऊस, वर्तमानपत्र. खालून दोन पाय. एका मोज्याला लाल रफू, पडद्यावर केवढं मोठं! मधल्या रांगेतून सगळे ओरडले, "दोरांगकाकूंचं शिवण!" मग हीरो आला, कागद उचलून चेहरा बघितला, वाईट वाटल्यासारखं केलं. आपल्याला चेहरा दाखवला नाही. संपलं. लोक शेंगा खायला लागले.

पाय मात्र एकदाही हलले नाहीत. एवढ्या पावसात. मी डोळे मिटले नव्हते, मला माहीत आहे.

बाहेर पडल्यावर तेर्यो घराकडे निघाला. मी दंड धरला. म्हटलं, मेलास ना? मग नियम तो नियम. इपांगच्या दुकानाशी टेकलो. आळी हळूहळू जमली. कुणीतरी म्हणालं, दाखव ना, कसा मेला होतास. आता यात काय दाखवणार? तेर्यो उभा राहिला तसाच. मग इपांगने आतून सुकटीला गुंडाळायचं वर्तमानपत्र आणलं. तेर्यो पायरीवर आडवा झाला, तिने वर कागद टाकला. एकदम कागदाखालून आवाज आला, "सुकटीचा वास येतोय, मी जिवंत होईन हां!" बोयेतसुद्धा हसून हसून पायरीवरून पडला. खरा पडला. गुडघा फुटला.

फेब्रुवारीनंतर तेर्यो हसलेला मी ऐकला नव्हता. आज कागद थरथरत होता.

१ नोव्हेंबर
मेणबत्त्या घेऊन निघतच होते, तर दारात इपांग. काळा रुमाल, टोपली. "दोरांग, गेला गं बिचारा! किती गुणाचा होता!"

म्हटलं, ये, बस. टोपलीत हात घातला. एकच अंडं.

म्हटलं, डझनाचं काय झालं? म्हणाली, "डझन अख्ख्या मरणाला, दोरांग. हा तर आधीच मेलेला होता."

अंडं घेतलं. उकडून तेर्योला दिलं. वर्ष संपत आलं, म्हणून पहिलं पान काढून संकल्प वाचले. पोराच्या सिनेमात तोंड घालायचं नाही, हा अगदी नीट पाळला.