‘बाई’ची ‘आई’ करा

४ जून
माझ्या पुस्तकाला सहा महिने झाले. आज प्र.नं (प्रकाशक, पुण्याचा, आख्खा शब्द लिहिण्याइतकी त्याची लायकी नाही) वाचकांची मतं गोळा करून पाठवली. मुखपृष्ठावर ‘नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी’ असं छापलंय, पण त्या वयाच्या एकाचंही मत नाही. सगळे आईबाप. एक बाप लिहितो, भाषा अशुद्ध आहे, पोरगा घरात ‘लई’ म्हणायला लागला. लागू दे की. एक जण म्हणते, कादंबरीत शिकवण सापडली नाही. पोराच्या डोक्यात उवा शोधाव्यात तशी शोधत बसली असणार.
रात्री जेवण गेलं नाही.

५ जून
सगळ्यात लांबलचक मत पुण्याच्या एका वाचिकेचं. “दत्तू हा मुलगा बाईंच्या कुशीत झोपतो, बाईंच्या ताटात जेवतो, बाईंचा मार खाऊन बाईंच्याच पदराला डोळे पुसतो. शिक्षिकेचं असं चित्रण आजच्या काळात योग्य आहे का? शिवाय मुलाची आई कुठे आहे? ती पुस्तकभर एकदाही दिसत नाही.”
दोनदा वाचलं, मग डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं पाचोडला आईला बाई म्हणतात. मी म्हणायचो, भाऊ म्हणायचा, सगळी गल्ली आपापल्या आईला बाईच म्हणायची. ही समजली मास्तरीण. मी ‘बाईच्या’ लिहिलंय, तर अनुस्वार हिनं पदरचा घातला. मास्तरणीला आदराचा अनुस्वार दिला नाही, हीही माझी अशुद्ध भाषाच समजून.
आणखी एकानं कामवाली समजून “श्रमिक स्त्रीचं हृद्य चित्रण” म्हटलंय. चांगलं मत काय ते एवढंच.
सु. (सुनंदा, आमच्या सौ.) हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही.

९ जून
प्र.चा फोन. “शाळांच्या वाचनयादीत घेतायत हो पुस्तक. फक्त ती ‘बाई’ची ‘आई’ करून टाकू. लई-बिई राहू दे, रंगत येते.”
म्हटलं, तळटीप टाका. म्हणे मुलं तळटीप वाचत नाहीत. म्हटलं, मुलं वाचतात, तुम्ही वाचत नाही. फोन ठेवून दिला.
रंगत म्हणे. आम्ही काय लोणचं आहोत.

१० जून
बाई जाऊन चार वर्षं होत आली. भिंतीवर फोटो आहे, पण त्यात ती गप्प बसलीय. इतकी गप्प ती जन्मात बसली नाही. कोंबडीला शिव्या देणारी, भाकरी थापता थापता उखाणे घालणारी बाई आता त्या पुस्तकातच आहे. तिथं ‘आई’ लिहिलं की ती दुसऱ्या कुणाची तरी आई होणार. पुस्तक शाळेत गेलं पाहिजे, हेही खरं. शाळेतल्या पोरांसाठीच लिहिलंय. पण हे नाही करायचं.

१७ जून
मला न विचारता नवी प्रुफं आली. कॉम्प्युटरवर एका झटक्यात बाईची आई केलीय. शेजारची कमळाबाई ‘कमळाआई’ झाली. मामाची बाईक ‘आईक’. आणि मामा कंपनीतून फोन लावतो तो ‘मोआईल’वरून. सु. दिवसभर “माझा मोआईल पाहिला का” करत घरभर हिंडली. शेवटी मीही हसलो, झक मारत.
प्र.ला कळवलं. उत्तर: “तेवढं दुरुस्त करू. २५ पर्यंत होकार द्या, नाहीतर यादीतून नाव जाईल.” तेवढं म्हणजे कमळाबाई परत मिळेल. बाई नाही.

२३ जून
चिकलठाण्याच्या एका शाळेत वाचनाला बोलावलं होतं. गेलो तो भांडायच्या तयारीनंच. दत्तू आठवडी बाजारात हरवतो ते प्रकरण वाचलं. तो “बाई” म्हणून ओरडतो आणि भाजीवाल्या, बांगडीवाल्या, सगळ्याच वळून बघतात. पोरं हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.
मग मतं विचारली. पोरं मोठ्यांहून बेकार. एक पोरगी म्हणाली, मधली पानं लई बोअर आहेत. मान्य. मग मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. वैजापूरकडचा, बाप इथं कंपनीत.
“सर, ते बाई काढून टाका.”
म्हटलं, का रे, समजत नाही?
“समजतं की. आमच्यात बी बाईच म्हणतेत. तुमचं पुस्तक वाचल्यापासून हे समदे मला कामवालीचा म्हणतेत.”
वर्गात खसखस पिकली. मला राग आला. त्या वर्गाचा, हसू दाबणाऱ्या मास्तरांचा, आणि खरं सांगायचं तर त्या पोराचाही. मी कुणासाठी भांडतोय, आणि हा बसला प्र.च्या पंगतीला.
विचारलं, मग आता तू काय म्हणतो? आई?
“नाय.”
मम्मी?
“कायच नाय. हाकच मारत नाय. जवळ जाऊन बोलतो.”
पुढं मी काय बोललो, नीट आठवत नाही. बहुतेक ‘शाबास’ म्हणालो. कशाबद्दल, देव जाणे.

२४ जून
दिवसभर चिडचिड. सु.वर उगाच ओरडलो. हसणाऱ्यांना काही नाही, शब्द मात्र आम्ही बदलायचा. आणि नाही बदलला तर ते पोरगं भोगणार, मी नाही.

२५ जून
प्र.चे सकाळपासून तीन फोन. घेतले नाहीत.
सु. म्हणाली, “एकदाचं सांगून टाका काय ते.”
म्हटलं, त्या पोराला विचारून ठरवू.
“त्यानं सांगितलंय की.”
सांगितलंय. म्हणून तर फोन घेववत नाही.