मिक्सर कोणता घ्यावा

अशोकनगर, सातपूर
११ मार्च २००७

प्रिय शुभांगी,

मंगळवारी पहिली पाळी सुटली तेव्हा भारत कारखान्याच्या गेटवर उभा होता. त्याला सिडकोत जागा मिळाली आहे. एक खोली आणि स्वयंपाकघर, आपल्याइतकीच. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हर्षालीला आणि बाळाला घेऊन तो सायखेड्याहून इकडे येणार. हे सगळं तुला माहीतच असेल. टपरीवर चहा घेताना म्हणाला, "दाजी, मिक्सर कोणता घेऊ? तुम्ही मशीनमधले माणूस." मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई बाळाला हात नाय लावत. दोन महिने होत आले. हर्षालीला न्हाणीत जायचं असलं तरी शेजारच्या नवसाबाईला हाक मारावी लागती. ताई म्हणती, माझ्या हाताला नको." एवढं बोलून तो बस गाठायला गेला. मिक्सरचं उत्तर मी त्याला न पाठवता तुला पाठवतो आहे. खरं म्हणजे हे त्याने तुलाच विचारायला हवं होतं.

हर्षालीला सांग, आधी ओटा मोज. आपल्या वेळी तू मोजला होतास, वितीने. शेगडी, पाण्याचा माठ आणि भिंत यांच्यामध्ये दीड वीत जागा उरत होती. प्लग एकच, तोही शेगडीच्या मागे. वितीने कुणी माप घेतं का म्हणून मी हसलो, तर तू म्हणालीस, "मग तुमचा व्हर्नियर आणा. भाकरीची जाडी पण घेऊ." मला तेव्हा आवडलं होतं तुझं बोलणं. पण दुकानात गेल्यावर ती दीड वीत मी विसरलो. मोठा मिक्सर घरी आला आणि ओट्यावर मावेना. तू तो पिठाच्या डब्यावर फळी टाकून बसवलास, आणि वर्षभर त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. फक्त पीठ काढायचं असलं की मला हाक मारायचीस, "या, उचला तुमचा हत्ती."

दोन हजार चार साल, दिवाळीला आठ दिवस होते. आपला सोमा तीन वर्षांचा. तो मान धरत नव्हता. चावता येत नव्हतं, आणि गिळताना घास कधी कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अन्न दह्यासारखं एकजीव पाहिजे, कणी चालणार नाही. तू तोपर्यंत वरणभात आणि भाकरी पाट्यावर वाटत होतीस, मग गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून काढत होतीस. एका वाटीला पाऊण तास. दिवसातून चार वाट्या. हे तुला नव्याने सांगण्यात अर्थ नाही. पण मला ओळीने लिहायचं आहे. मधलं काही सोडलं तर पुढचं लिहून होणार नाही.

मेनरोडच्या त्या दुकानात मी दोन मिक्सर समोर घेतले. एक लहान, दोन भांड्यांचा. एक साडेसातशे वॉटचा, तीन भांड्यांचा. मी दोन्हींचे भांड्याखालचे कपलर हाताने फिरवून पाहिले, बॉडीवर तळवा ठेवून मोटर ऐकली, वायर किती जाड आहे ते पाहिलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, मिक्सर घेताय का लेथ?" तू हसलीस आणि पिशवीतून डबा काढलास. त्यात सोमाची एक वाटी होती, वरणभात आणि चतकोर भाकरी. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आम्ही नुसतं पाणी घालून दाखवतो, खरकटं कशाला करता?" तू म्हणालीस, "पाणी त्याला असंच पाजते मी. हे फिरवून दाखवा." मोठ्या मिक्सरच्या मोठ्या भांड्यात ती वाटी कुठल्या कुठे पसरली. सगळं अन्न भिंतींना जाऊन बसलं आणि पातं मोकळंच फिरत राहिलं. लहान मिक्सरच्या भांड्यात त्याचं लोणी झालं. तू बोटावर घेऊन मला दाखवलंस. मी म्हणालो, याची मोटर वर्षात जळेल. तू म्हणालीस, जळेल तेव्हा बघू. मी म्हणालो, मोठ्याबरोबर चटणीचं भांडं येतंच की, एवढंसंच असतं, त्यात वाट. दुकानदारालाही मोठाच खपवायचा होता. तू डब्याचं झाकण लावलंस. मोटरमधलं मला कळतं, हे तू धरून चालली होतीस. मला मोटरमधलंच कळत होतं. आपल्याला मोटर विकत घ्यायची नव्हती, एक वाटी वाटायची होती.

म्हणून हर्षालीला सांग, लहान घे. भांडं लहान घे. दुकानात जाताना घरचं जे वाटायचं असेल ते डब्यात घालून ने, आणि कुणी हसलं तरी त्यात फिरवून घे. वॉट किती ते भारतला बघू दे, त्याला बरं वाटेल.

चटणीच्या भांड्याने दोन वर्षं काम केलं, हे खरं. तुझा एका वाटीचा पाऊण तास दहा मिनिटांवर आला. त्या दोन वर्षांत सोमा अंगाने भरला. आई निफाडहून द्राक्षं घेऊन यायची, तू ती सोलून, बिया काढून त्याला वाटून द्यायचीस आणि तो जिभेने टाळू चाटत बसायचा. आई म्हणायची, "लय आवाज करतंय गं तुझं हे यंत्र, पण पोरगं आवाज ऐकला की तोंड उघडतंय." ते खरंच होतं. मिक्सर सुरू झाला की तो तोंड उघडायचा. शेजारच्या घरातला सुरू झाला तरी.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर चटणीच्या भांड्यातला, पात्याचा दांडा धरणारा बुश झिजला. पातं डुगडुगायला लागलं, खालून पाणी झिरपायला लागलं. तू म्हणालीस, दुरुस्तीला टाकून या, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हणालो, बाजारातला बुश दोन महिने टिकत नाही, मी कारखान्यात लेथवर गनमेटलचा टर्न करून आणतो. भांडं मी पिशवीतून कारखान्यात नेलं आणि माझ्या कपाटात ठेवलं. त्या महिन्यात ओव्हरटाइम होता. तू रोज विचारायचीस, मी रोज उद्या म्हणायचो. तीन आठवडे तू मोठ्या भांड्यात वाटलंस. दर वेळी भांडं थांबवून भिंतीवरचं खाली ओढायचीस, पुन्हा फिरवायचीस, आणि गाळणीतून दोनदा काढायचीस. पुन्हा पाऊण तास. तू तक्रार केली नाहीस. मला वाटलं, चाललं आहे.

मग अकरा नोव्हेंबर. हर्षालीच्या डोहाळजेवणाला तू सायखेड्याला गेलीस. सोमाला सोडून वर्षभरात पहिल्यांदाच बाहेर पडलीस. जायला तयार नव्हतीस. मीच म्हणालो, जा, शनिवार आहे, मी घरी आहे. तू साडेसहाला परतलीस. सातला लाइट जायची, म्हणून साडी न बदलता वाटायला बसलीस. अर्धी वाटी मेणबत्तीच्या उजेडात भरवलीस. सोमाला ठसका लागला. रविवारी ताप आला. सोमवारी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अन्न छातीत गेलं आहे, ठसका कधी लागला होता? तू म्हणालीस, "शनिवारी संध्याकाळी. लाइट जाणार होती, मी घाई केली." मी तुझ्या शेजारी फाइल धरून उभा होतो. डॉक्टरांनी लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी सोमा गेला.

तू ते वाक्य नंतर सगळ्यांना सांगितलंस. कुणी विचारलं नाही तरी सांगितलंस. दहाव्याला आई बायकांमध्ये बसून म्हणाली, "एक दिवस माहेरी मिरवायचं होतं, तेवढ्यात पोर घालवलं." मी बाहेर चटईवर बसलो होतो. मला ऐकू आलं. तुलाही ऐकू आलं, कारण आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी उठून आत आलो नाही. तेराव्यानंतर भारत तुला घेऊन गेला तेव्हा तू एकच पिशवी घेतलीस. मी विचारलं नाही, परत कधी येशील. तू गेल्यावर आठ दिवसांनी मी जेवणाच्या सुटीत तो बुश टर्न केला. वीस मिनिटं लागली. बसला तो नीट, अजिबात डुगडुगत नाही. भांडं घरी आणून ठेवलं आहे. भारतला हा मिक्सर द्यावा असं क्षणभर मनात आलं होतं. मी तो त्यांच्या घरी जाऊ देणार नाही. इथल्या बाकी बातम्या काही नाहीत. आई परवा आली आहे, द्राक्षांचं काम संपलं म्हणून. दुसरी पाळी मागितली होती, ती मिळाली नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या शनिवारी जाताना तू कढईत भात आणि पालकाचं वरण शिजवून ठेवलं होतंस आणि दारातून दोनदा म्हणालीस, गाळून घ्या. दुपारी बाराला सोमा रडायला लागला. साडेबाराला लाइट जाणार होती. मी मोठ्या भांड्यात फिरवलं. मग अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेऊन पाहिलं. कारखान्यात जॉबवर बोट फिरवून मी खरखर सांगतो, आणि मी सांगितलेलं मापात तसंच निघतं. इन्स्पेक्शनची माणसंसुद्धा मला बोलावून घेतात. माझ्या बोटांना ते मऊ लागलं. गाळणी समोर खिळ्याला होती. मी घेतली नाही. चौथ्या की पाचव्या घासाला सोमाला ठसका लागला. साधा नव्हता. तो काळानिळा पडला. मी त्याला खांद्यावर पालथा घेऊन पाठ थोपटली, बऱ्याच वेळाने तो रडला. उरलेलं मी पाणी घालून पातळ केलं आणि भरवलं. भांडं घासताना तळाशी पालकाचे देठ सापडले, अर्ध्या नखाएवढे. ते मी मोरीत टाकून वर पाणी ओतलं. तू आल्या आल्या विचारलंस, दुपारी नीट जेवला ना? मी म्हणालो, वाटी संपवली. संध्याकाळी तुझ्या हातून जो ठसका लागला, तो दुपारचाच होता. तुझ्या वाटीत काही नव्हतं. तू दोनदा गाळलेलं मी पाहिलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगणार होतो. तू आधी बोललीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग चार महिने मी तसाच सुटून राहिलो. भारत तुझ्या हातांचं बोलला नसता तर अजूनही राहिलो असतो, हेही लिहून ठेवतो. आज सकाळी आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि खाली बसली. म्हणाली, "आन् मी तिला काय काय बोलले रे." शनिवारी मी सायखेड्याला येतो. घरात घेतलं नाही तरी चालेल, अंगणात उभा राहून तुझ्या घरच्यांपुढे आणि नवसाबाईंपुढे हेच सांगेन आणि मिळेल त्या बसने परत येईन. तू माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही, परत यायचं की नाही तेही ठरवायला हवं असं नाही. त्या दुपारी त्याला मी भरवलं, तू घरी नव्हतीस. बाळ रडलं तर तू उचलून घे.

तुझाच असं लिहायला हात पुढे होत नाही.

जीवन